पाहणारीचे चित्र

दिवाळी अंक घरात आला की तो आधी वाचला जात नाही, चाळला जातो. मुखपृष्ठ पाहून होते, हास्यचित्रांवर हसून होते, राशिभविष्याचे पान कोणीतरी आधीच दुमडून ठेवलेले असते. आणि मग कुठे कथा-लेखांची पाळी येते. या गडबडीत कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत छापलेले एखादे चार रेघांचे रेखाटन बिचारे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आलेच, तर आपण त्याला एकच प्रश्न विचारतो : "हे कोणाचे?" उत्तर मिळाले तर पान उलटतो आणि न मिळाले तरीही उलटतो.

पुरे केलेले चित्र आपला आब राखून असते. त्याला चौकट असते, रंग असतात, खाली चित्रकाराची ठसठशीत सही असते. घाईघाईने केलेल्या रेखाटनाजवळ यातले काहीच नसते. माणूस समोर आहे तेवढ्यात त्याला कागदावर धरावयाचे आणि तो हलला की हात थांबवावयाचा, असा त्याचा सारा मामला. तेव्हा त्याच्याकडून मोठ्या गोष्टींची अपेक्षा आपण करीत नाही. परंतु ज्याला थोडाच वेळ मिळालेला असतो तो फालतू बोलत नाही, हेही तितकेच खरे. तारेचा मजकूर लिहिणारा जसा प्रत्येक शब्दाचे पैसे मोजून लिही, तसे या रेखाटनातल्या रेघांचे असते. म्हणून आज एकच रेखाटन घेऊन, शाळेत कवितेची एकेक ओळ लावतात तसे ते लावून पाहावे, असा माझा विचार आहे.

हे रेखाटन आमच्या गावच्या एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांचे. आपले नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. ती मी पाळतो. कागद वहीच्या पानाएवढा. पेन्सिलीच्या रेघा मोजल्या तर चाळीस भरणार नाहीत. एक बाई पाठमोरी उभी आहे. नेसणीची साडी आहे, पदर खांद्यावर आहे, डोकीवर नाही. एका पायावर भार, दुसरा किंचित मागे. मान पुढे गेलेली. उजवा हात कोपरात दुमडून वर, डोक्याच्या मागे कुठेतरी गेलेला. डाव्या हातात काहीतरी लोंबते आहे. पावले काढलेलीच नाहीत. डाव्या कडेला, कागद संपता संपता, एक अर्धगोल रेघ आणि तिला लागून एक लहानसे वेटोळे. खाली कोपऱ्यात तीन शब्द : "लेणे तिसरे, गाभारा". संपले.

हे तिसरे लेणे कोणते, ते बाहेरगावच्या वाचकांना सांगावयास हवे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे गाव वेरूळ-अजिंठ्याचा उंबरठा म्हणून साऱ्या जगाला ठाऊक आहे. पाहुणे आले की त्यांना पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि मधल्या संध्याकाळी बीबी-का-मकबरा, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. त्या मकबऱ्याच्या पाठीमागे, शहराच्या उत्तरेला जो डोंगर आहे त्याच्या पोटात गावाची स्वतःची लेणी आहेत, हे पुष्कळदा पाहुण्यांना सांगावयाचे राहूनच जाते. पायऱ्या चढून वर गेले म्हणजे खाली मकबऱ्याचा घुमट आणि त्यापलीकडे पसरलेले शहर दिसते. पहिली पाच लेणी पश्चिमेच्या बाजूस, सहा ते नऊ पूर्वेस. चौथे लेणे हा चैत्य. तो सर्वांत जुना. तिसरे लेणे हा विहार, पाचव्या शतकाच्या अखेरीचा, अजिंठ्यातल्या वाकाटककालीन लेण्यांच्या पिढीतला. मंडपातल्या खांबांची नक्षी पाहताना मान दुखून येते. वरच्या पट्टीवर सुतसोम जातकाची कथा कोरलेली आहे.

पण तिसऱ्या लेण्याचे खरे वैभव गाभाऱ्यात आहे. समोर पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती. आणि तिच्यापुढे दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली स्त्रीपुरुषांची दोन पथके. ही माणसेही दगडाचीच, पण माणसाएवढ्या आकाराची आणि जवळजवळ पूर्ण उठावातली. कोणी हात जोडलेले आहेत, कोणाच्या हातात फुलांची माळ आहे. चेहरे देवांचे नाहीत. जाड ओठांचे, भरल्या गालांचे, एकमेकांहून वेगळे असे माणसांचे चेहरे आहेत. केशरचना तर अशा की एकीसारखी दुसरी नाही. लेण्याला दान देणारी ही मंडळी असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. देवळाच्या भिंतीवर हात जोडलेल्या भक्तांच्या आकृती आपण पुष्कळ पाहतो. त्या बहुधा मूर्तीच्या पायाशी चिमुकल्या कोरलेल्या असतात. येथे त्या आपल्याच उंचीच्या आहेत आणि आपल्याच बाजूला, आपल्यासारख्याच मूर्तीकडे तोंड करून बसल्या आहेत. गाभाऱ्यात शिरणाऱ्याला क्षणभर वाटते की आत आधीच कोणी दर्शनाला आलेले आहे, जरा थांबावे.

म्हणजे आता पाहा काय झाले. दगडाचे भक्त बुद्धाकडे पाहत आहेत. चित्रातली बाई गाभाऱ्यात उभी राहून कशाकडे तरी पाहते आहे. चित्रकार तिच्याकडे पाहतो आहे. आणि आपण कागदाकडे. पाहणाऱ्यांची अशी रांग लागलेली असताना नेमके कोण काय पाहते आहे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

हा कागद मी घरात दाखवला तेव्हा एकाच चित्राचे तीन अर्थ निघाले. माझे मेहुणे म्हणाले, "बाई नमस्कार करते आहे. दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले आहेत, तुम्हांला एकच दिसतो इतकेच." पुतण्या कॉलेजात आहे. तो म्हणाला, "काका, ती फोनवर बोलतेय. हात कानाला आहे." दोघांचा वाद चांगला रंगला. एकाच्या मते हे श्रद्धेचे चित्र. दुसऱ्याच्या मते श्रद्धेच्या ठिकाणी जाऊनही फोन न सोडणाऱ्या आजच्या माणसाचे, म्हणजे जवळजवळ हास्यचित्रच. वहिनी चकलीचे पीठ मळत होत्या. त्यांनी दुरूनच एकदा कागदाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हात अंबाड्याला गेलाय तिचा." आणि पुन्हा पिठाकडे वळल्या.

तिन्ही अर्थ एका कोपरावर उभे आहेत. तेव्हा आता ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यावे काय? "चित्र पाहणाऱ्याला जसे दिसेल तसे खरे" हे वाक्य हल्ली फार ऐकू येते, आणि ते ऐकावयास उदार वाटते. मला ते आळशी वाटते. चित्रकाराने चाळीस रेघांत जे धरले आहे ते न पाहताच आपण आपल्या मनातले त्यावर लादले, तर चित्र कशाला हवे? कोरा कागदही चालेल. उलट, चित्रकारालाच विचारून मोकळे व्हावे, हाही मार्ग मला पसंत नाही. मी त्यांना विचारलेले नाही. तो सांगेल ती त्याची आठवण असेल. रेघेत जे उतरले नाही ते त्याच्या सांगण्याने रेघेत येणार नाही. साक्ष घ्यावयाची ती कागदाची.

घाईच्या रेखाटनात तीन गोष्टी पाहाव्यात असा माझा अनुभव आहे. पेन्सिल कुठे दाबली आहे. कोणती रेघ पुन्हा पुन्हा काढली आहे. आणि काय काढलेच नाही. दाबलेल्या रेघेत चित्रकाराची खात्री असते. पुन्हा पुन्हा काढलेल्या रेघेत बहुधा समोरच्या माणसाची हालचाल असते. आणि न काढलेल्या भागात एक तर वेळ संपलेला असतो, नाहीतर गरज.

हे तीन निकष लावून मेहुण्यांचा अर्थ तपासू. दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले असते तर पाठमोऱ्या आकृतीत दोन कोपरे डोक्याच्या दोन बाजूंना दिसावयास हवीत. येथे एकच कोपर आहे. डावा हात सरळ खाली आला आहे आणि त्यात काहीतरी लोंबते आहे. लोंबणाऱ्या वस्तूची रेघ चांगली दाबलेली आहे. तिच्याबद्दल चित्रकाराला शंका नव्हती. नमस्कार बाद झाला.

आता पुतण्याचा फोन. फोन कानाशी धरला की मान त्या बाजूला कलते, खांदा किंचित वर येतो, आणि पाहणे सुटते. फोनवर बोलणाऱ्या माणसाकडे रस्त्यात पाहा : त्याचे डोळे उघडे असतात, पण ते कुठेच नसतात. या बाईची मान उजवीकडे, हाताच्या बाजूला, कललेली नाही. ती पुढे गेली आहे आणि थोडी डावीकडे. मानेची ही रेघ साऱ्या चित्रात सर्वांत दाबून, एका दमात काढलेली आहे. म्हणजे चित्रकाराला सर्वप्रथम दिसली ती मान. आणि वर गेलेला हात कानाशी थांबत नाही. तो कानामागून पुढे मानेच्या मागच्या बाजूस जातो, आणि तेथे बोटांच्या तीन रेघा तीन ठिकाणी आहेत. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. हात तेथे स्थिर नव्हता. बोटे काहीतरी चाचपत होती.

काय चाचपत होती, ते कागदाच्या डाव्या कडेने सांगितले आहे. तेथे जी अर्धगोल रेघ आहे ती गुडघे टेकून बसलेल्या एका दगडी स्त्रीच्या डोक्याची, आणि तिला लागून असलेले वेटोळे हा तिचा अंबाडा. आता बाईच्या मानेवरचे वेटोळे पाहा. दोन्ही वेटोळी अडीच फेऱ्यांत काढलेली आहेत, दोन्हींची सुरुवात वरून आणि शेवट आत. मनगटाची तीच गिरकी, लागोपाठ दोनदा. चित्रकाराने ठरवून तसे केले असेल असे मी म्हणत नाही. घाईत ठरवावयास सवड नसते. पण त्याच्या हाताला ही दोन डोकी एकमेकींची वाटली, एवढे कागद नि:संशय सांगतो. बाई दगडी स्त्रीचा अंबाडा पाहत होती, आणि पाहता पाहता तिचा हात तिच्या स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. वहिनींनी पिठाच्या हातांनी जे सांगितले ते येथे रेघांनी शाबीत होते.

चित्रकाराची सर्वच बाजू मी घेणार नाही. साडीच्या निऱ्या त्यांनी सवयीने काढल्या आहेत. त्या या बाईच्या निऱ्या नाहीत, कोणत्याही बाईच्या आहेत. डावा खांदाही ताठ आहे. हात खाली आला की खांदा उतरतो, येथे तो उतरलेला नाही. परंतु मान, कोपर आणि ती दोन वेटोळी या चार ठिकाणी ते जे पाहत होते तेच त्यांनी काढले आहे, त्यात ठाऊक असलेले काही मिसळलेले नाही. घाईच्या रेखाटनात चार जागा खऱ्या सापडणे ही थोडकी कमाई नव्हे.

कलाकृती पाहणाऱ्या माणसाचे चित्र हा तसा जुना विषय आहे. फ्रान्समध्ये देगा या चित्रकाराने १८७९-८० च्या सुमारास आपली मैत्रीण, चित्रकर्ती मेरी कॅसट, हिचे लूव्र संग्रहालयातले एक मुद्राचित्र केले. काचेच्या पेटीत पुरातन एट्रुस्कन नवराबायकोची शवपेटिका आहे; आणि तिच्यापुढे कॅसट आपल्याकडे पाठ करून, हातातल्या छत्रीवर भार टाकून उभी आहे. शेजारी दुसरी बाई माहितीपुस्तक तोंडासमोर धरून बसलेली आहे. कॅसटचा चेहरा दिसतच नाही. तरी ती किती नीट पाहते आहे हे त्या छत्रीवर टेकलेल्या अंगावरून कळते. आणि पुस्तकवालीचा चेहरा अर्धा दिसत असूनही तिचे पाहणे अजून सुरू व्हावयाचे आहे असे वाटते. माणूस डोळ्यांनी पाहतो हे शाळेत शिकवतात, आणि ते खोटे नाही. पण पाहणे सुरू झाले हे डोळ्यांवरून कळत नाही. ते मानेवरून, गुडघ्यावरून, विसरलेल्या हातावरून कळते. पाहणाऱ्याचे चित्र काढावयाचे तर पाठ चालते. चेहरा असला की आपण चेहऱ्यात भाव शोधू लागतो आणि अंगाकडे दुर्लक्ष होते.

आमच्या भागातही लेण्यांची चित्रे काढण्याची परंपरा काही आजची नाही. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा १७९४ साली वेरूळला आला. त्याने पुण्याच्या गंगाराम तांबट याच्याकडून वेरूळची चित्रे काढवून घेतली. गंगारामची पुष्कळ रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानेही वेरूळची चित्रे केली. तो १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनिअलने चोवीस दृश्ये मुद्रित केली. त्या दृश्यांत अवाढव्य खांबांच्या पायथ्याशी इवलीशी माणसे उभी आहेत. पुढे छायाचित्रांचा काळ आला तेव्हाही लेण्याच्या दाराशी एखादा माणूस उभा करीत. पण ती माणसे पाहण्यासाठी उभी नाहीत, मोजण्यासाठी उभी आहेत. खांब किती उंच, ते कळावे म्हणून माणूस. गजपट्टीच्या जागी माणूस. लेणे केवढे आहे ते त्यांच्यावरून समजते. लेणे पाहून माणसाचे काय झाले, ते समजत नाही.

लेणी पाहिल्याच्या ज्या खुणा मागे राहिल्या आहेत, त्यांचा विचार केला म्हणजे या कागदाची किंमत अधिक कळते. अजिंठ्याच्या दरीत २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येऊन पोहोचला. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगविलेल्या आकृतीच्या अंगावरच, त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ही पाहिल्याची एक खूण : मी येथे आलो होतो. चित्राविषयी तिच्यात अवाक्षर नाही. त्या स्मिथाचे वंशज आजही खिळे आणि किल्ल्या घेऊन देशभरच्या किल्ल्यांवर, लेण्यांत हिंडत असतात, हे सांगावयास नको.

दुसरी खूण नकलेची. मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमणूक झाली. वर्षांमागून वर्षे तो त्या दरीत राबला. त्याने केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे लेडी हेरिंगहॅमबाई १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत आल्या. त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशी मंडळी होती. या सर्वांच्या कष्टांपुढे मान लवते. भिंतीवरचा रंग पडत असताना तो कागदावर, कापडावर उतरवून ठेवणारी ही माणसे नसती, तर आपले ज्ञान कितीतरी उणे राहिले असते. पण नक्कल ही पाहिलेल्या वस्तूची खूण आहे. भिंतीपुढे उभ्या असलेल्या गिलची मान कशी झाली होती, नंदलालांचा हात कशाकडे गेला होता, ते नकलेत येत नाही, आणि येऊही नये.

तिसरी खूण आपल्या चित्रातली. तिच्यात लेणे जवळजवळ नाही. बुद्धाची मूर्ती तर मुळीच नाही. एवढी प्रचंड मूर्ती समोर असताना चित्रकाराने तिची एकही रेघ काढलेली नाही. दगडी स्त्रीही कडेला एका डोक्यापुरती. आहे ती फक्त पाहणारी. आणि तरीही त्या दगडी अंबाड्याची कारागिरी आपल्याला या कागदावरून जितकी पटते तितकी मला एखाद्या मोठ्या छायाचित्रानेही पटलेली नाही. कारण ज्या केशरचनेकडे पाहून जितीजागती बाई नकळत आपले केस चाचपते, ती कोरणाऱ्याने केस खरोखर पाहिलेले असले पाहिजेत. पंधराशे वर्षांपूर्वी एका पाथरवटाने कोणा बाईचा अंबाडा पाठीमागून पाहिला. पंधराशे वर्षांनी दुसऱ्या एका बाईने तो ओळखला. तिला काल, घराणे, शैली यांतले काही ठाऊक असेल वा नसेल. तिच्या बोटांना ठाऊक होते.

आता राहिली ती डाव्या हातातली लोंबती वस्तू. ती पिशवी असेल किंवा चपला असतील. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण वरवर तो किरकोळ वाटला तरी साऱ्या चित्राचा कस तेथे लागतो. चपला असतील तर बाईने त्या बाहेरच काढून हातात घेतल्या. म्हणजे तिच्या मनाने हा गाभारा आहे, आणि ती दर्शनाला आली आहे. पिशवी असेल तर ती सहलीला आली आहे, पाहावयाला आली आहे. पावले काढली असती तर निकाल लागला असता. पण पावले काढण्यापूर्वीच ती हलली असावी. वस्तूची रेघ दाबलेली आहे खरी, परंतु तिचा आकार चपलांनाही शोभतो आणि पिशवीलाही. येथे कागद गप्प आहे, आणि जेथे कागद गप्प तेथे टीकाकारानेही गप्प बसावे हे बरे.

पण चित्राच्या या मुग्धपणातून एक गोष्ट सुचते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण पाहण्याचे दोन कप्पे करून ठेवले आहेत. एक दर्शन; तेथे डोळे मिटायचे, हात जोडायचे, मूर्ती कशी घडवली आहे ते पाहावयाचे नाही, पाहिले तर ते कमी भक्तीचे लक्षण. दुसरे प्रेक्षण, तेथे काल, शैली, राजवट यांची चौकशी करायची, आणि हात जोडले तर ते कमी बुद्धीचे लक्षण. मेहुणे आणि पुतण्या भांडत होते ते या दोन कप्प्यांत उभे राहूनच. तिसऱ्या लेण्याच्या शिल्पकाराला मात्र असे कप्पे ठाऊक नसावेत. त्याने मूर्तीपुढे भक्त बसविले ते हात जोडलेले, पण डोळे उघडे, माना वर. एकाच्या हातात माळ आहे आणि ती वाहावयाचे राहून गेले आहे, कारण तो अजून पाहतोच आहे. त्यांचे पाहणे आणि त्यांचे पूजणे यांच्यामध्ये तुम्ही सुरी घालू शकत नाही.

चित्रातली बाईही तशीच आहे. ती अंबाड्याकडे पाहते आहे म्हणून तिची भक्ती उणी ठरत नाही. आणि तिच्या हातात चपला असल्या तरी तिचे पाहणे उणे ठरत नाही. ज्या वस्तूपुढे अंग आपोआप थांबते आणि हात स्वतःचा विसर पडून हलतो, तिला तिने आपले म्हटले, एवढेच. कलेपुढे माणसाने यापेक्षा अधिक काय करावयाचे असते, ते मला ठाऊक नाही.

मकबऱ्याचे उदाहरण घ्या. तो पाहावयास येणारे बहुतेक लोक दरवाजातूनच "ताजमहालाची नक्कल" असे म्हणत आत शिरतात. वाक्य म्हणून झाले की पाहण्याचे काम संपते. मग फोटो, मग उसाचा रस. मनोऱ्यांची उंची, खालच्या संगमरवराला वरचा गिलावा कोठे मिळतो ती जागा, घुमटाभोवतीचे रिकामे आकाश, यांतले काही ताजमहालाशी तुलना न करताही पाहता येते. पण तयार वाक्य पुढे आले की मान पुढे जात नाही. असे वाक्य हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे रेखाटन कोणी केले, तर त्यात दाबलेली रेघ एकही सापडणार नाही.

या सुट्टीत पुष्कळ मंडळी सहकुटुंब लेणी पाहावयास निघतील. वेरूळ-अजिंठा होईलच. मकबऱ्यावरून पुढे डोंगरापर्यंतही एकदा जावे, पायऱ्या चढाव्यात, आणि तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहावे. मुलांच्या हातात वही-पेन्सिल असली तर त्यांना बुद्धाची मूर्ती काढावयास सांगू नये. ती अवघड आहे, आणि मुले कंटाळतील. त्यांना आजीचे चित्र काढावयास सांगावे, आजी मूर्तीकडे पाहत असताना, पाठीमागून. आजी हलली की पेन्सिल उचलायची, एवढाच नियम. जेवढे कागदावर आले असेल तेवढे घरी आणावे, आणि फराळाच्या वेळी सर्वांनी मिळून ते लावून पाहावे : मान कोणीकडे आहे, भार कोणत्या पायावर आहे, हात कुठे गेला आहे.